नाकाआधी हनुवटी पाहा: बाजूच्या चेहऱ्याचा तोल साधणाऱ्या शस्त्रक्रियेची पायरीपायरीने माहिती

'नाक मोठं आहे, कमी करायचंय' असं म्हणत प्लास्टिक सर्जनकडे जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यात खरी उणीव हनुवटीत असते. हनुवटी मागे राहिली असेल तर बाजूने पाहताना ओठांखालचा भाग मानेकडे उतरत जातो आणि नजर नाकावरच अडते. नाक आहे तेवढंच असतं, पण दिसतं मोठं. अशा चेहऱ्यात फक्त नाकच कमी करत गेलं, तर लहान हनुवटीला शोभेल इतकं करण्यासाठी ते गरजेपेक्षा बारीक करावं लागतं. मग समोरून चेहरा उघडा पडतो आणि श्वासालाही अडचण होऊ शकते.

म्हणून नाकातलं किती काढायचं हा प्रश्न शेवटचा. त्याआधी हनुवटी कुठे आहे ते बघायचं आणि तिच्याही आधी दात एकमेकांवर कसे बसतात ते. दोन्ही शस्त्रक्रियांचा एकत्र विचार करण्याच्या या पद्धतीला प्रोफाइलप्लास्टी म्हणतात. नाकाच्या शस्त्रक्रियेला ऱ्हायनोप्लास्टी आणि हनुवटीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेला जिनिओप्लास्टी ही नावं डॉक्टरांच्या बोलण्यात वारंवार येतील.

पायरी १: फोटो नीट काढा

सेल्फीवरून कसलाच निर्णय घेऊ नका. मोबाइल चेहऱ्याजवळ धरला की सर्वांत पुढे असलेला अवयव, म्हणजे नाक, फुगून दिसतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे गणिताने मांडलं गेलं: सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत जवळपास ३० टक्के रुंद दिसतो. नाकाबद्दलची कित्येकांची नाराजी या अंतरातून जन्मते असं मला ठामपणे वाटतं.

दुसऱ्या कुणाला दीड-दोन मीटर लांब उभं करा, कॅमेरा तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर धरायला सांगा आणि झूम वापरून फोटो काढून घ्या. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि दोन्हीकडून तिरका असे पाच फोटो पुरतात. डोकं कसं धरलंय याला फार महत्त्व आहे. हनुवटी वर उचलली की ती पुढे आलेली दिसते, खाली झुकवली की मागे जाते. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत एखादी खूण बघत, मान ताण न देता सरळ ठेवा. दात सहज मिटलेले आणि ओठ सैल असू द्या. ओठ मिटवायला जोर लावावा लागत असेल आणि त्या वेळी हनुवटीवरची कातडी खडबडीत, सुरकुतलेली दिसत असेल, तर ते लिहून ठेवा. हनुवटी किंवा जबडा मागे असल्याची किंवा चेहऱ्याचा खालचा भाग उभ्यात लांब असल्याची ती खूण असू शकते.

पायरी २: नाक, ओठ आणि हनुवटी एकाच रेषेत वाचा

बाजूच्या फोटोवर नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीच्या सर्वांत पुढच्या बिंदूपर्यंत पट्टीने रेघ ओढा. रिकेट्स या दंतवैद्यांनी रूढ केलेली ही रेषा इ-लाइन म्हणून ओळखली जाते. त्यांच्या मोजमापात प्रौढ माणसाचा खालचा ओठ या रेषेच्या साधारण २ मिलिमीटर मागे आणि वरचा ओठ ४ मिलिमीटर मागे असतो.

या रेषेची दोन्ही टोकं शस्त्रक्रियेने हलू शकतात. नाकाचा शेंडा मागे घेतला की रेषा मागे सरकते आणि ज्या ओठांना कुणी हातही लावलेला नाही ते पुढे आल्यासारखे दिसतात. हनुवटी पुढे आणली की रेषाही पुढे येते आणि ओठ आत गेल्यासारखे भासतात. याचा अर्थ असा की मागे असलेली हनुवटी तशीच ठेवून नाक लहान केलेल्या माणसाला नंतर 'माझं तोंड पुढे आलंय' असं वाटू शकतं. तोंड होतं तिथेच आहे, मोजायची रेषा बदलली.

दुसरी रेषा उभी. मेक्सिकोचे सर्जन मारिओ गोन्झालेझ-उयोआ यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीत कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणारी आडवी पातळी धरतात आणि नाकाच्या मुळापासून, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या खोलगट जागेपासून, तिला काटकोनात उभी रेघ खाली सोडतात. हनुवटी या रेघेला टेकावी किंवा किंचित मागे असावी. बायकांच्या चेहऱ्यात ती थोडी मागे असलेली शोभते. पुरुषांत रेघेपर्यंत आलेली हनुवटी चालते.

मग नाक आणि वरचा ओठ यांच्यामधला कोन बघा. पुरुषांत तो ९० ते ९५ अंशांच्या आसपास आणि स्त्रियांत ९५ ते ११० अंशांपर्यंत असावा असं पुस्तकं सांगतात. याहून जास्त उघडा कोन म्हणजे शेंडा वर उचललेला. नाकाच्या मुळाकडेही लक्ष असू द्या. तो भाग फार खोल असेल तर दांडीवरचा साधा उंचवटा मोठा वाटतो. तिथे थोडी कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, भरून उंची दिली तर उंचवट्यातलं कमी काढूनही दांडी सरळ दिसते.

खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधली खाच बहुतेक लोक विसरतात. ती आधीच खोल असताना हनुवटी नुसती पुढे ढकलली, तर खाच आणखी खोल जाते आणि हनुवटी चिकटवलेल्या गोळ्यासारखी दिसते. अशा वेळी हनुवटी पुढे आणताना तिची उभी लांबीही थोडी वाढवावी लागते.

ही मापं दिशा दाखवायला ठीक आहेत. पण त्यांतली बरीचशी युरोपीय वंशाच्या चेहऱ्यांवरून आली आहेत आणि प्रत्येक चेहरा त्या साच्यात बसवण्यात काही शहाणपण नाही. ज्या नाकावरून तुमचं घराणं ओळखू येतं ते कायम ठेवूनही बाजूची रेषा जुळवता येते. मला तरी तेच काम जास्त कसबाचं वाटतं.

पायरी ३: दात आणि जबडा

इथे घाई झाली तर पुढचं सगळं चुकतं. हनुवटी मागे दिसण्याची दोन वेगळी कारणं असतात. पहिल्यात जबडा जागेवर असतो, दात नीट जुळतात, फक्त हनुवटीचं टोक लहान असतं. दुसऱ्यात खालचा अख्खा जबडाच मागे असतो, त्यामुळे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या बरेच पुढे येतात. पहिल्या प्रकारात हनुवटीची शस्त्रक्रिया योग्य. दुसऱ्यात ती केली तर बाहेरची रेषा सुधारते, आतला दोष तसाच राहतो.

आरशासमोर मागच्या दाढा मिटा आणि ओठ बाजूला करून पाहा. वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांपासून लांब असतील, किंवा उलट खालचे दात पुढे असतील, तर प्लास्टिक सर्जनच्या आधी ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात सरळ करणाऱ्या दंतवैद्याला, आणि जबड्याच्या सर्जनला भेटा. तारा लावून दात सरळ करणं आणि मग जबडा हलवणं असा हा रस्ता असतो. त्याला एक-दोन वर्षं लागू शकतात. पण जबडा पुढे आला की हनुवटी, ओठ आणि मान तिन्ही बदलतात आणि कधी नाकाला हात लावण्याची गरजच उरत नाही. वरचा जबडा हलवायचा असेल तर नाकाचा तळ आणि शेंडाही बदलतो, म्हणून नाकाचं काम सहसा त्यानंतर करतात.

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडल्यासारखा होऊन दचकून उठणं, दिवसभर पेंगणं ही लक्षणं मागे असलेल्या जबड्यासोबत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेतला श्वासरोध असेल तर भूल देण्यातली जोखीमही वाढते, त्यामुळे भूलतज्ज्ञांना हे आधीच माहीत असायला हवं.

पायरी ४: श्वास

एक नाकपुडी बंद करून दुसरीने श्वास घ्या, मग बदला. गालाची कातडी नाकाशेजारी बोटाने हलकेच बाहेर ओढल्यावर श्वास एकदम मोकळा होत असेल तर नाकाच्या आतली झडप, म्हणजे हवा जाण्याची सर्वांत अरुंद जागा, अडचण करत असण्याची शक्यता आहे. ज्याला आपण 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतो तो बहुधा दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा असतो, आणि तो याच शस्त्रक्रियेत सरळ करता येतो. त्यातून निघणारी कूर्चा नाकाला आधार द्यायलाही उपयोगी पडते.

पायरी ५: स्वतःला विचारा

वयाचा प्रश्न सोपा आहे: वाढ थांबलेली हवी. मुलींमध्ये नाकाची वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी आणि मुलांमध्ये त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी पूर्ण होते, जबड्याला काही वेळा आणखी वेळ लागतो.

मनाचा प्रश्न अवघड. तुम्हाला काय खुपतं ते एका वाक्यात सांगता येतं का? 'बाजूने हसताना शेंडा खाली येतो' ही तक्रार शस्त्रक्रियेने सुटण्यासारखी आहे. 'चेहरा बरा असता तर माझं आयुष्य वेगळं असतं' ही तक्रार कुठलाही सर्जन सोडवू शकत नाही. दिवसातले तास आरशासमोर जात असतील, इतरांच्या लक्षातही न येणाऱ्या दोषामुळे घराबाहेर पडणं टाळलं जात असेल, तर ती बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डरची लक्षणं असू शकतात. या आजारात शस्त्रक्रियेने समाधान मिळत नाही, उलट त्रास वाढू शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत. आणि जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या टोमण्यांमुळे हा विचार आला असेल तर थांबा, चेहरा तुमचा आहे.

पायरी ६: काय करायचं ते ठरवा

हनुवटीपासून सुरुवात करू. तिचे तीन मार्ग आहेत.

हाड कापून पुढे सरकवणं हा सर्वांत लवचीक मार्ग. हॉफर यांनी १९४२ साली ही कल्पना मांडली आणि १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी ती तोंडाच्या आतून करण्याची पद्धत दिली, त्यामुळे बाहेर व्रण राहत नाही. खालच्या ओठाच्या आत चीर देऊन हनुवटीचं हाड आडवं कापतात, ठरलेल्या अंतराने सरकवतात आणि टायटॅनियमची पट्टी व स्क्रू लावून बसवतात. हनुवटी पुढे, मागे, वर, खाली किंवा बाजूला, कुठेही नेता येते. वाकडी असेल तर मध्यावर आणता येते. हाडासोबत त्याला जोडलेले स्नायूही पुढे येत असल्याने मानेची रेषा थोडी ताणली जाते. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस छोट्या दाढांच्या खालून बाहेर पडते, म्हणून काप तिच्या छिद्राच्या सुमारे ५ मिलिमीटर खाली ठेवतात. तरीही काही आठवडे ते काही महिने ओठ-हनुवटी बधिर राहणं सामान्य आहे, आणि थोड्या जणांत बधिरपणा कायमचा राहतो.

इम्प्लांटची शस्त्रक्रिया छोटी असते. सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र पॉलिएथिलिनचा तुकडा तोंडातून किंवा हनुवटीखालच्या छोट्या चिरेतून हाडावर बसवतात. हनुवटी थोडीच मागे असेल, मध्यावर असेल आणि उभी लांबी ठीक असेल तर निकाल चांगला येतो. तोटे म्हणजे जंतुसंसर्ग झाल्यास तो काढावा लागू शकतो, जागेवरून सरकू शकतो, आणि वर्षांनुवर्षांच्या दाबाने खालचं हाड झिजू शकतं. लांबी कमी करणं किंवा मोठा वाकडेपणा सुधारणं त्याच्याकडून होत नाही. मला विचाराल तर वय कमी असेल आणि हनुवटी बरीच मागे किंवा वाकडी असेल तर स्वतःचंच हाड हलवलेलं बरं.

तिसरा मार्ग फिलरचा, म्हणजे इंजेक्शनने कातडीखाली भरायच्या जेलचा. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर काही महिन्यांत विरतो आणि हवा तर इंजेक्शनने विरघळवता येतो, त्यामुळे पुढे आलेली हनुवटी आपल्याला कशी दिसते याची चाचणी म्हणून तो कामाचा आहे. नाकात मात्र फिलर घेण्याआधी दहादा विचार करा. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. फिलर रक्तवाहिनीत शिरला तर कातडी मरू शकते, आणि कायमची दृष्टी गेल्याच्याही नोंदी आहेत. ब्युटी पार्लरमध्ये तर हे कधीच करून घेऊ नका.

आता नाक. काम आतून चिरा देऊन होतं किंवा दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर छोटी चीर देऊन उघड्या पद्धतीने. शेंड्याचं काम गुंतागुंतीचं असेल किंवा आधी एक शस्त्रक्रिया झालेली असेल तर बरेच सर्जन उघडी पद्धत निवडतात. तो व्रण सहसा दिसेनासा होतो. उंचवटा काढताना हाड आणि कूर्चा दोन्ही तासावी लागतात. त्यामुळे दांडीवर जी फट उरते ती बुजवण्यासाठी बाजूची हाडं कापून आत घेतात. मधल्या भागाला आधार दिला नाही तर तो पुढे आत बसतो आणि झडप अरुंद होते, म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या पट्ट्या बसवतात. दांडीचा वरचा पृष्ठभाग न मोडता अख्खी दांडीच खाली उतरवण्याची पद्धतही आता अनेक ठिकाणी वापरली जाते, पण प्रत्येक नाकाला ती चालत नाही. कूर्चा पडद्यातून पुरली नाही तर कानातून किंवा बरगडीतून घेतात.

कातडी जाड असेल तर आतलं नाजूक काम बाहेर उमटत नाही, आणि नाक फार लहान केल्यास ती कातडी तेवढी आकसत नाही आणि शेंडा गोळा होतो. पातळ कातडीत उलट प्रत्येक कड दिसते. सर्जनला 'माझी कातडी कशी आहे आणि त्यामुळे काय जमणार नाही' हे जरूर विचारा.

पायरी ७: सर्जनची भेट

हे काम प्लास्टिक सर्जन, चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसा सर्जन किंवा जबड्याचे सर्जन करतात. पदवीइतकंच, नाक आणि हनुवटी एकत्र किती वेळा केलंय याला महत्त्व द्या. तुमच्यासारख्या चेहऱ्यांचे आधीचे आणि किमान वर्षभरानंतरचे फोटो मागा. महिन्याभरानंतरच्या फोटोत सूजच दिसत असते. फोटो दोन्ही वेळी एकाच कोनातून आणि सारख्या प्रकाशात काढलेत का तेही बघा.

संगणकावर बदललेला चेहरा दाखवतील तेव्हा आधी फक्त हनुवटी हलवलेला, मग फक्त नाक बदललेला आणि शेवटी दोन्ही बदललेला असे तीन फोटो मागा. पुष्कळदा पहिल्याच फोटोत नाकाबद्दलची निम्मी तक्रार मिटते. हे चित्र म्हणजे हमी नव्हे, पण तुम्ही आणि सर्जन एकाच गोष्टीबद्दल बोलताय ना, हे त्यातून कळतं. बाजूने काढलेला जबड्याचा एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन, आणि नाकाची आतून तपासणी झाल्याशिवाय तारीख ठरवू नका. दुसरी शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च कुणाचा, हेही त्याच भेटीत लेखी विचारून घ्या.

पायरी ८: तयारी

तंबाखू कुठल्याही रूपात किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. निकोटिनने रक्तपुरवठा आकसतो आणि जखम भरत नाही, हाडाच्या कामात तर हे जास्तच नडतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या गोळ्या यांनी रक्तस्राव वाढू शकतो. काय केव्हा थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. हृदयासाठी चालू असलेली गोळी मनाने बंद करू नका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर सांगा. दातांची कीड, हिरड्यांचा दाह आधी बरा करून घ्या, कारण हनुवटीची चीर तोंडातच असणार आहे. पातळ आणि मऊ खाण्याची सोय, उंच उशा आणि पहिले दोन दिवस सोबतीला एक माणूस, एवढं घरी तयार हवं.

पायरी ९: शस्त्रक्रियेचा दिवस

पूर्ण भूल देतात आणि दोन्ही कामं मिळून साधारण दोन ते चार तास लागतात. कितीतरी सर्जन हनुवटी आधी उरकतात. ती नव्या जागी बसली की नाकाचा शेंडा कुठे असावा हे टेबलावरच डोळ्यांसमोर येतं. तोंडाच्या आतल्या भागात जंतू असतात म्हणून दोन्ही कामांची हत्यारं वेगळी ठेवतात. हनुवटीची चीर शिवताना तिथला स्नायू पुन्हा नीट बांधणं फार मोलाचं असतं. तो सैल राहिला तर हनुवटीचं मांस खाली लोंबतं. जाग येईल तेव्हा नाकावर साचा, हनुवटीवर चिकटपट्टी आणि तोंडाने श्वास, अशी स्थिती असेल.

पायरी १०: घरी

पहिले तीन दिवस सूज वाढत जाते आणि डोळ्यांखाली काळंनिळं पडतं, घाबरू नका. डोकं उंच ठेवून उताणं झोपा. डोळ्यांवर आणि गालांवर गार घड्या चालतील, साच्यावर दाब नको. प्रत्येक खाण्यानंतर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने गुळण्या करा, मऊ ब्रशने दात घासा, चिरेला जीभ लावू नका. पहिला आठवडा पातळ पदार्थ, मग आणखी दोन-तीन आठवडे मऊ. नाक शिंकरू नका. शिंक आली तर तोंड उघडून शिंका.

साचा साधारण सातव्या दिवशी निघतो. त्या दिवशी दिसणारं नाक सुजलेलं असतं आणि शेंडा वर चढल्यासारखा वाटतो. हनुवटीही मोठी दिसते, हसू ताठर येतं. अनेकांना या आठवड्यात मन खट्टू झाल्यासारखं वाटतं. घरच्यांना याची आधीच कल्पना देऊन ठेवा, म्हणजे ते उगाच टीका करणार नाहीत. दोन आठवड्यांत बहुतेक जण बसून करायच्या कामावर परततात. चष्म्याचं वजन दांडीवर चार ते सहा आठवडे पडू देऊ नका. जड व्यायामही साधारण तेवढेच दिवस टाळा, आणि चेंडू किंवा धक्का लागू शकेल असे खेळ त्याहून जास्त दिवस.

नाकातून न थांबणारं रक्त, आत पडद्यावर फुगलेली दुखरी गाठ आणि दोन्ही बाजूंनी बंद झालेला श्वास, ताप, पू, एका बाजूला वाढत जाणारी सूज, पाण्यासारखा सतत गळणारा स्राव किंवा दिसण्यात फरक, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडद्यावरची रक्ताची गाठ वेळेत काढली नाही तर कूर्चा मरते आणि नाकाची दांडी बसते.

हनुवटीचा आकार साधारण तीन ते सहा महिन्यांत स्थिरावतो. नाकाला वर्ष लागतं, जाड कातडीच्या शेंड्याला दीड वर्षही. नाकाच्या काही शस्त्रक्रिया दुरुस्त कराव्या लागतात, अगदी उत्तम हातांतूनही. मात्र श्वास पूर्ण अडलाय किंवा संसर्ग झालाय असं तातडीचं कारण नसेल तर वर्ष पुरं होण्याआधी दुसऱ्यांदा चीर देऊ नये. पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात त्याच अंतरावरून, तशीच मान सरळ ठेवून फोटो काढत राहा आणि प्रत्येक तपासणीला ते सोबत न्या.